कुंभारणीनं केलं

या, बसा मंडळी. मागची माणसं जरा पुढं सरका. पुढं बसलं म्हणून मी कुणाला प्रश्न विचारत नाही... खोटं कशाला बोलू, देवळात उभा आहे. प्रश्न विचारणारच आहे, पण सगळ्यांना एकच.

ऐका. माणसानं केवढं केलं म्हणजे ‘केलं’ म्हणायचं?

हसू नका, सोपा नाही हा प्रश्न! एखाद्यानं देवळाला कळस चढवला – त्यानं केलं. एखाद्यानं गावजेवण घातलं – त्यानंही केलं. आणि ह्या डाव्या हाताला बसलेल्या माझ्या आया-बहिणी? पहाटे उठून अंगण झाडलं, सडा घातला, भाकऱ्या थापल्या, म्हाताऱ्याला औषध दिलं, पोराचं डोकं विंचरलं. आता त्यांना विचारा, काय गं, आज काय केलंस? काय उत्तर येतं?

‘काही नाही.’

बघा, हसल्या! अख्खा दिवस राबायचं आणि वर ‘काही नाही’ म्हणायचं! मग ‘काही’ म्हणजे असतं तरी केवढं? त्याचं माप देवाच्या घरी आहे का? असलं तर ते कुठलं? ह्याचं उत्तर मी देणार नाही. एक माशी देणार आहे. होय, माशी! पेटीवाले नाना, असे बघू नका माझ्याकडे, शुद्धीवर आहे मी. जरा सूर धरा.

मोठे मोठे म्हणता सरली दुपार ।
इवल्या दिव्याचा राहिला विचार ॥

हे चरण कुठल्या संतांचे नाहीत बरं का, माझेच आहेत. म्हणून चाल चुकली तर मलाच रागवा.

तर मंडळी, जांभळेवाडी नावाचं एक गाव होतं. गावाला तळं, तळ्याकाठी कुंभारआळी आणि आळीत हैबती कुंभाराचं घर. घरात तो आणि त्याची बायको भागा. लेक रंगू, ती उन्हाळ्यात लग्न होऊन ओढ्यापलीकडच्या गावी गेलेली. हैबतीचा हात चांगला. पणत्या म्हणू नका, माठ म्हणू नका, चाकावर मातीचा गोळा ठेवला की भांडं आपणहून वर उठायचं. पण गड्याच्या डोक्यात एक कुसळ रुतलं होतं.

झालं असं. गावच्या देवळात हैबतीच्या बापानं, बाबाजी कुंभारानं केलेला एक रांजण होता. केवढा? आत माणूस बसला तर टोपी दिसायची नाही! येणारा-जाणारा त्यातलं पाणी प्यायचा आणि म्हणायचा, ‘वा, बाबाजीचा रांजण!’ आणि एका वर्षी, पोळ्याच्या दिवशी, सजवलेला बैल बुजला आणि त्यानं घातली धडक. रांजणाच्या झाल्या खापऱ्या. लोक हळहळले. पारावर बसलेला कुणीतरी सहज बोलून गेला, ‘आता असा रांजण घडवणारा हात गावात उरला न्हाई.’

मंडळी, बोलणारा बोलून तंबाखू मळायला लागला. पण हैबती तिथंच उभा होता. त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला, ‘भागा, आता पणत्या-बिणत्या बंद. मी रांजण करनार. बापाच्या रांजणाहून मोठा. माझं नाव घेतल्याबिगर कुणी पाणी प्यायचं न्हाई.’

अहो, तहान लागलेला माणूस पाणी पितो का नाव घेतो?

लागला कामाला. पहिला रांजण उभा केला, आव्यात घातला. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. तडकला. दुसरा केला, आवा उघडून बघतो तर मधोमध फुटलेला. का फुटले? भांडं मोठं करायच्या घाईत भिंत कुठं जाड, कुठं पातळ होत होती. हात थापटत होता, पण मन पारावर जाऊन बसलं होतं. लोक काय म्हणतील, किती म्हणतील, कितीदा म्हणतील!

दिवाळीला रंगू माहेरी आली. सासरचं सगळं सांगून झालं, आणि हळूच म्हणाली, ‘आबा, यंदा माझी पैली संक्रांत हाय.’

‘व्हय की.’

‘मी तिकडं आमच्या आळीतल्या समद्या बायकांना सांगून बसलीया, बाजारातली सुगडं कुणी घिऊ नका. माझा आबा दील समद्यांना.’

सुगडं ठाऊक आहेत ना पोरांनो? संक्रांतीची ती मुठीएवढी मडकी. त्यात गाजर, बोरं, ऊस, हरभरा, तिळगूळ भरायचा, देवापुढं मांडायची आणि एकमेकींना वाण द्यायचं. कुंभाराच्या घरची लेक ती. सासरी दुसरं कशाचं मिरवणार? दागिन्यांचं? तेवढीच एक गोष्ट होती तिच्याजवळ मिरवायला. माझ्या बापाचा हात!

हैबती हसला. ‘आगं, सुगडं ती काय! चिमटीचं काम. देतो की.’

रंगूनं घुटमळत सांगितलं, ‘सासूबाई म्हनल्या, बघू तुझ्या बापाची सुगडं येत्यात का.’

‘येत्याल. सांग तिला.’

पोर विश्वासानं गेली. आणि हा वळला परत रांजणाकडं.

आता इथं मातीची एक गोष्ट समजून घ्या. चांगली माती तळ्याच्या तळाची. ती उन्हाळ्यात, तळं आटलं की खणून ठेवायची. पावसाळ्यानंतर तळं भरलेलं, मग माती कुठली? साठवलेली असेल तेवढीच. ती निम्मी-शिम्मी दोन फुटक्या रांजणांत गेलेली. आणि भाजलेली माती मंडळी, परत माती होत नाही. खापरी झाली की खापरीच. उरलेली सगळी माती हैबतीनं तिसऱ्या रांजणाला लावली. सगळी. कोपरा झाडून घेतला.

भागा रोज विचारायची, ‘अवं, सुगडं?’

‘करतो की. आदी ह्यो उभा ऱ्हाऊ दे.’

मार्गशीर्ष गेला. पौष लागला. रांजण उन्हात वाळत उभा. अजून कच्चा, भाजायचा बाकी, पण केवढा दिसायचा! कुत्री त्याच्या सावलीला झोपायची.

आणि एके दिवशी सकाळी हैबती रांजणावरून हात फिरवत होता, तर काठाच्या आतल्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. वाकून बघतो – मडकं!

बोराएवढं. पण काय मडकं! गोल पोट, त्याला गळा, गळ्याला बाहेर वळलेली कड. बोटाचा ठसा नाही, चीर नाही, भिंत सगळीकडून सारखी. हैबती बघतच राहिला. जन्म गेला मातीत, पण असं काम पाहिलं नव्हतं. मनात म्हणाला, हे केलं कुणी?

तेवढ्यात शेजारची तान्हाबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती. म्हातारी, तोंडानं फटकळ. हैबतीनं हाक मारली. ‘तान्हामावशे, ह्ये बघ गं. कुनी केलं आसंल?’

तान्हाबाईनं एक नजर टाकली आणि चालता चालता म्हणाली, ‘कुनी म्हंजी? कुंभारनीनं केलं. आनखी कोन करतंय!’

आणि गेली.

कळलं ना तुम्हाला? कळलं! ती म्हणत होती कुंभारीण माशी. मातीची घरं बांधते ती, पिवळ्या कमरेची. आणि ह्या शहाण्याला ऐकू काय आलं? कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको. भागा!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, कुंभाराला कुंभारीण माशी ठाऊक नाही होय? ठाऊक होती की! दारामागं ओबडधोबड चिखलाचे गोळे थापणारी त्यानं शंभरदा पाहिली होती. पण ही जात निराळी, गळ्यासकट मडकं करणारी. आणि खरं सांगू? डोक्यात रांजण बसला की माणसाला माशी दिसत नाही.

झालं! त्या घरात बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी रीत. माती मळायची, राख चाळायची, वाळत घालायचं, एवढंच बाईचं काम. आणि हिनं चाकाशिवाय हे केलं? दुपारी जेवायला बसला तर लक्ष भाकरीकडं नाही, भागाच्या बोटांकडं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पहिल्याशेजारी दुसरं मडकं! तेवढंच सुबक. मग मात्र गडी पेटला. म्हणाला, ही माझी थट्टा करते. मी डोंगर उभा करतोय आणि ही त्याला बोरं चिकटवतेय.

तडक चुलीपाशी गेला.

‘भागा, खरं सांग. तू केलंस का न्हाई?’

आणि मंडळी, भागाचा चेहरा पांढराफटक पडला. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. का बरं? तिनं तर मडकं केलं नव्हतं. थांबा, घाई करू नका. तो खांबाला टेकलेला गडी झोपलाय, त्याला हलवा जरा, आता खरी गंमत आहे.

भागा खाली मान घालून म्हणाली, ‘केलं. तुमच्यापास्नं लपवून केलं.’

‘रीत ठावं न्हाई तुला?’

‘ठावं हाय. चाकाला न्हाई हात लावला. नुसत्या बोटांनी केलं. काय करू? तुमी करत न्हवता.’

हैबतीचा राग थोडा उतरला. कारागीर होता शेवटी. घसा खाकरून म्हणाला, ‘पर... लई सुबक केलंस गं.’

भागानं वर बघितलं. ‘सुबक? वाकडं-तिकडं हाय समदं.’

‘वाकडं? आगं, आसं मला जमलं न्हाई कदी. बापालाबी जमलं नसतं.’

अहो, इतक्या वर्षांत ह्या माणसानं बायकोच्या हातच्या भाजीला बरं म्हटलं नव्हतं! भागाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला वाटलं, देवानं नवऱ्याला सुबुद्धी दिली.

‘दाखीव मला,’ हैबती म्हणाला, ‘कसं केलंस त्ये. शिकीव.’

भागा त्याला परसात घेऊन गेली. तिथं एक पाटी पालथी घातलेली होती. तिनं ती उचलली. खाली ओळीनं मांडून ठेवलेली होती... काय होतं?

सुगडं. रांजण घडवताना गळालेली, खरवडलेली, सांडलेली माती वेचून बोटांनी दाबून केलेली सुगडं. कुठलं कलतं, कुठलं चेपलेलं. प्रत्येकाच्या पोटावर अंगठ्याचा खोल ठसा. एक-दोन तर वाळता वाळताच चिरली होती.

‘ह्ये काय?’ हैबतीनं विचारलं.

‘रंगूची सुगडं,’ भागा म्हणाली. ‘समद्या आळीला पुरायची न्हाईत. पर पोरीला निदान आपली आपल्याला तरी मांडता येतील. तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल तिला.’

मंडळी, हैबतीनं त्यातलं एक सुगड हातात घेतलं. त्याला पोरीचं घुटमळणं आठवलं. ‘माझा आबा दील समद्यांना.’ आणि तो काय म्हणाला होता? चिमटीचं काम! मग ते चिमटीचं काम का झालं नाही? कठीण होतं म्हणून नाही. त्याला ते लहान वाटलं म्हणून झालं नाही.

मग त्यानं विचारलं, ‘आन् रांजनाच्या काठावरची मडकी?’

‘कसली मडकी?’

दोघं अंगणात आली. भागा काठावर वाकली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. ‘अवं, ही कुंभारीन म्हंजी मी न्हवं! ती बघा, आलीच.’

आली खरी. गूंऽऽ करत. तोंडात मातीची एवढीशी गोळी. ती दोघं तशीच उभी राहून बघायला लागली. माशीनं गोळी दुसऱ्या मडक्याच्या काठावर टेकवली, पायांनी पसरली, आत-बाहेर चाचपली, उडाली. ओल्या जागेवरून पुन्हा गोळी आणली. कडेला फक्त तेवढीच जोडली. मग कुठून तरी एक हिरवी अळी ओढत आणली आणि मडक्यात सरकवली. आत तिचं अंडं होतं, त्याच्या पिल्लाचा हा शिधा. शेवटची गोळी आणली, तोंड बंद केलं, आणि भुर्रकन गेली. एकदाही मागं वळून बघितलं नाही, की बरं झालंय का, कुणी बघतंय का.

आपल्या ग्रंथांत ह्या माशीचा थोर दृष्टांत आहे. अळी तिच्या ध्यासानं तिच्यासारखीच होऊन जाते म्हणतात. विद्वान मंडळी तो तासभर सांगतात, ऐकायला गोड लागतो. मला आज तेवढ्या खोलात शिरायचं नाही. मला एवढंच विचारायचंय की, तिनं मडकं केवढं केलं? बोराएवढं. मोठं का नाही केलं? माती कमी होती? अहो, समोर अख्खा रांजण होता मातीचा! पण तिला आत ठेवायचं होतं एक पिल्लू. तेवढ्या पिल्लाला तेवढं घर. जेवढं आत ठेवायचं, तेवढंच भांडं!

हैबती म्हणाला, ‘भागा, ह्या रांजनात मी काय ठिवनार हुतो गं?’

भागा म्हणाली, ‘तुमच्या बापानं रांजन केला त्या साली गावचा आड आटला हुता. सासूबाई सांगायच्या. लोक लांबनं पानी आनत, ते साठवाया मोठं कायतरी पायजे म्हनून केला त्यांनी. नावासाठी न्हवं. तहानच तेवढी हुती.’

हैबती वळला. थापटायची फळी घेतली. भागा ओरडली, ‘अवं, काय करता!’

‘कच्चा हाय,’ तो म्हणाला. ‘अजून परत माती हुतीया.’

आणि त्यानं आधी काय केलं सांगू? सुरीनं रांजणाचा काठ कापला. तेवढाच तुकडा, ज्यावर कुंभारणीची दोन घरं होती. अलगद उचलून कोनाड्यात ठेवला. मग घातला घाव! जो रांजण बापाच्या नावावर मात करणार होता, तो अंगणात ढेकळं होऊन पडला. भागानं घागरीनं पाणी आणून ढेकळांवर ओतलं. ढेकळं विरघळली. नवराबायकोनं मिळून माती तुडवली. आणि हैबती चाकावर बसला.

चाक फिरलं मंडळी! त्याचं मन आता पारावर नव्हतं. बोटांत होतं. एक सुगड उठलं. कापून बाजूला. दुसरं उठलं. प्रत्येक उचलताना तो भागाला विचारी, ‘ह्ये कुनाला जाईल गं?’ आणि ती सांगे, ‘ह्ये रंगूच्या जावंला. ह्ये त्या समोरच्या म्हातारीला.’ एवढीशी भांडी, उन्हात लगेच वाळली. आवा लागला. आवा उघडला, हैबतीनं एकेक सुगड उजेडात फिरवून बघितलं. एकही तडकलं नव्हतं.

भोगीच्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गाढवाच्या पाठीवर पाट्या लादून हैबती लेकीच्या दारात उभा राहिला. रंगू सकाळपासून उंबऱ्यात होती. सासू बाहेर आली. एक सुगड उचललं, बोटाच्या पेरानं टकटक वाजवलं, कान लावला. टण्ण! दुसरं वाजवलं. टण्ण! आणि आत वळून सुनेला म्हणाली, ‘रंगे, बापाला गूळपानी दे. लांबनं आलाय.’

सासूबाईंच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे कौतुकाचा कळसच की! आहेत का इथं कुणी सासूबाई? असू दे, असू दे.

पण गोष्ट अजून राहिलीय. सगळ्या पाट्यांच्या वर, गवतात गुंडाळून हैबतीनं एक सुगड निराळं ठेवलं होतं. कलतं, चेपलेलं, पोटावर अंगठ्याचा ठसा. ते त्यानं आपल्या सुगडांबरोबर भाजलं होतं, आव्यातल्या सगळ्यांत चांगल्या जागी. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका देखणी, एकसारखी सुगडं घेऊन गेल्या. रंगूनं देवापुढं मांडायला मात्र ते वाकडं उचललं. कुणाचं आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं आपला अंगठा त्या ठशात ठेवून बघितला. हळदीकुंकवाला आलेली एक जण म्हणाली, ‘अगंबाई, ह्ये असलं कुनी केलं?’

रंगू म्हणाली, ‘कुंभारनीनं केलं.’

हां! आता खरं झालं ते वाक्य.

रांजणाचं काय झालं म्हणता? देवळात हैबतीनं साधे माठ मांडले. रिकामे झाले की भरायचे, फुटले की बदलायचे. येणारे पाणी प्यायले आणि गेले. नाव कुणी घेतलं नाही, आणि त्यालाही ते आठवलं नाही. पुढं उन्हं तापायला लागल्यावर एकदा सकाळी भागानं हाक मारली. कोनाड्यातल्या त्या बोराएवढ्या मडक्याला आतून भोक पडलं होतं. त्यातून एक नवी कुंभारीण बाहेर आली, पंख झटकले आणि दारातून उडून गेली. हैबती म्हणाला, ‘बघ, तिचं भरल्यालं हुतं.’

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो.

आपल्या प्रत्येकाच्या अंगणात एक रांजण उभा आहे. पोराला मोठं करीन, देऊळ बांधीन, सगळं आवरलं की मग देवाचं बघीन! आणि त्या रांजणापायी कुणाचं तरी सुगड राहिलंय. कुणाला तरी आपण म्हणून बसलोय, ‘करतो की, चिमटीचं काम!’ आईला एकदा भेटून यायचंय. भावाशी चार शब्द बोलायचेत. बायकोच्या भाजीला बरं म्हणायचंय! काय हो, कुणी कुणी मान खाली घातली ते इथून दिसतंय मला.

घाबरू नका. हैबतीचा रांजण मोडता आला, कारण तो कच्चा होता. भाजला असता तर खापऱ्याच उरल्या असत्या. आपणही अजून कच्चे आहोत बाबांनो! आपला आवा अजून लागलेला नाही. तो गावाबाहेर, ओढ्याकाठी, एक दिवस लागणारच आहे. त्याच्या आधी मोडा तो रांजण. घाला पाणी. माती अजून मऊ होते.

आणि माझ्या मायांनो, उद्या कुणी विचारलं, आज काय केलंस, तर ‘काही नाही’ म्हणायचं नाही. जेवढं केलं तेवढं सांगायचं, मान वर करून. देवापुढं मांडायला त्या पोरीनं कुठलं सुगड उचललं, ते विसरू नका.

नाना, सूर द्या. टाळ घ्या हातात. आणि त्या खांबाजवळच्या गड्याला आता उठवू नका, राहू द्या. दिवसभर राबून आलाय बिचारा, तरी कीर्तनाला आला. त्यानंही केलं!

मोठे मोठे म्हणता सरली दुपार ।
इवल्या दिव्याचा राहिला विचार ॥